चुकवलेलं पाऊल

त्या आठवड्यात बेटावरच्या नाहा शहराच्या बाजारात डुकराचे पाय महागले.

शाळेत बेटाची बोली बोलल्याची शिक्षा म्हणून सहा पोरांच्या गळ्यात पाटी लटकली: 'मी गावठी बोललो.'

पोलिसचौकीला नवी सायकल आली.

समुद्रापलीकडच्या कागोशिमाहून बदली होऊन आलेला शाळामास्तर सामेशिमा हा कोचिंदा गुरुजींच्या अंगणात उभा राहून म्हणाला, "मला कराटे शिकवा."

कोचिंदाने या चारही गोष्टी एकाच दोऱ्यात ओवल्या. साल १९३८.

"हेर आहे," तो बायकोला म्हणाला.

"कुणाचा?" माकातोने कारलं चिरत विचारलं.

"पोलिसांचा. नाहीतर दुसऱ्या तालमीचा. त्याची वही बघितलीस? माझी शिंकसुद्धा टिपून घेतो."

"मग नाही म्हणा. तोंड शिवलंय का तुमचं?"

तशी रीत नव्हती. ज्याच्यावर भरवसा नाही, त्यालाही जुने गुरू शिकवत. फक्त एक पाऊल चुकवून.

कोचिंदाने तीस वर्षं घासून एक काता रचला होता, छत्तीस हालचालींची साखळी. त्याची सगळी विद्या तीच. ती चोरीला गेली की आयुष्य चोरीला गेलं. बाकीच्या शिष्यांना त्याने सातव्या पावलाला डावा पाय शिकवला. सामेशिमाला वेगळ्या वेळी, एकट्याला बोलावून उजवा. उजवा टाकला की तोल जायचा. मास्तर रोज धूळ चाटायचा, उठायचा, वहीत लिहायचा. कधी तक्रार नाही. त्यामुळे संशय आणखी बळावला. खरा शिष्य कुरकुरतो.

मग युद्ध आलं. डावा पाय शिकलेले नऊही शिष्य त्यात संपले.

पंचेचाळीसच्या हिवाळ्यात इशिकावाच्या निर्वासित छावणीत, तंबूंमधल्या मोकळ्या जागेत, रताळ्यांवर जगणारी वीसेक पोरं काता करत होती. समोर सामेशिमा. कोचिंदा काठी टेकत थांबला. चार, पाच, सहा. सातवं पाऊल उजवं पडलं आणि त्याची कानशिलं तापली. भर छावणीत आपली चेष्टा!

"हे काय शिकवतोस रे?"

सामेशिमा वाकला. "तुम्ही दिलंत तेच, गुरुजी. आधी वाटलं, माझ्याच पायात खोट आहे. मग वाटलं, तुम्ही मला मुद्दाम पाडताय."

कोचिंदाने नजर काठीच्या टोकावर नेली.

"म्हटलं, गुरुजी पाडतायत म्हणजे पडण्यातच काहीतरी असणार. तोल जातो म्हणून माणूस खाली बसतो. खाली बसलं की समोरच्याचा गुडघा हाताशी येतो. उपाशी पोरालाही जमतं. या, मारा मला."

कोचिंदाने काठी फेकली. सात वर्षांचा संशय मुठीत घेऊन त्याने खराखुरा ठोसा हाणला. सामेशिमा ढासळला. पुढच्या क्षणी कोचिंदा पाठीवर पडून आभाळ बघत होता.

"म्हातारबुवा पडले!" पोरं टाळ्या पिटत ओरडली.

"डावा..." तो पडल्या पडल्या पुटपुटला.

"काय म्हणालात, गुरुजी?"

"काही नाही. परत दाखव."

१९६१ साली कोचिंदा वारला. वर्तमानपत्रांनी त्याला एका नव्या शैलीचा जनक म्हटलं.

त्या शैलीच्या नोंदणीसाठी कराटे संघटनेकडे १९५२ साली केलेल्या अर्जात, 'संस्थापक' या शब्दापुढे, कोचिंदाच्या अक्षरात सामेशिमाचं नाव आहे.