ताप नसलेली मुलगी

"तुमच्या पेशंटला काही होतच नाही का हो, सिस्टर?" शिकवणाऱ्या पोरीने स्क्रीनवर बोट आपटलं. "ताप नाही, खोकला नाही, पोटभर जेवली, गाढ झोपली. मग ही दवाखान्यात आली कशाला?"

वर्गातल्या बाकीच्या नर्सेस खिदळल्या. सिस्टरला मात्र हसू आलं नाही. आजच्या परीक्षेत नापास झाली की मुलांचा वॉर्ड सुटणार आणि रवानगी थेट चादरींच्या कोठीत. मेट्रनबाईंनी तसं तोंडावरच सांगितलं होतं.

पेशंटच्या नोंदी आता कॉम्प्युटरवर करायच्या होत्या. सरावासाठी प्रत्येकीने एकेक खोटा पेशंट तयार केला होता. शेजारच्या जाडीने तर स्वतःच्या सासूलाच भरती करून जगातले सगळे आजार तिच्या माथी मारले होते. सिस्टरची पेशंट होती सहा वर्षांची मुलगी. आठवडाभर सिस्टर तिला रोज ठणठणीत ठेवत होती, बस.

"परीक्षा तापाचीच आहे," शिकवणारी म्हणाली. "ताप चढवा आणि पुढे काय केलं ते लिहा. नाहीतर मी पास नाही करू शकत."

"सर्दी चालेल का? नाहीतर पाय मुरगळला असं लिहिते." सिस्टरने कीबोर्डवरून हात काढून घेतला. "हिला ताप नको ना."

"अहो, खोटी आहे ती."

जाडी गंमत बघायला वाकली आणि तिचं हसू मावळलं. स्क्रीनवरच्या मुलीचं आडनाव सिस्टरचंच होतं. जाडीने तिच्या पाठीवर हात ठेवला. "लिही गं. मी आहे इथे."

सिस्टरने आकडा टाकला. एकशे चार. आणि मग तिची बोटं अशी काही सुटली की आवरेनात. डॉक्टरांना लगेच कळवलं. डॉक्टर लगेच आले. औषध वेळेवर मिळालं. आई ड्यूटीवर नव्हती, उशाशी होती. ताप उतरला.

मागे उभी राहून शिकवणारी वाचत होती. "वा सिस्टर, अगदी घडलं तसंच लिहिल्यासारखं वाटतंय."

"नाही," सिस्टर म्हणाली. "असं नव्हतं घडलं."

आणि तिने शेवटची ओळ लिहिली: घरी सोडलं. आईचं बोट धरून चालत गेली.