मुठीतले माणिक

“हात लावू नकोस!” म्हातारी खम्पेंग कडाडली. बुद्धमूर्तीच्या आसनाकडे गेलेला सेंगदाचा हात अधांतरीच राहिला.

सोंगक्रानची, थाई नववर्षाच्या सणाची सकाळ होती. वांग नदीकाठच्या त्या गल्लीतली सारी कुटुंबे चिंचेखाली जमली होती. प्रत्येक घराने आपला देव आसनासकट लांब मेजावर आणून ठेवला होता. भाजलेल्या शिकेकाईच्या पाण्यात करडईची फुले तरंगत होती. गल्लीच्या तोंडाशी पोरे येणाऱ्याजाणाऱ्यावर बादल्या रित्या करीत होती.

“अहो काकू, मूर्ती जड आहे म्हणून पुढे आले,” सेंगदा म्हणाली.

“माझ्या घरच्या वस्तू उचलायची तुला भारीच हौस!”

“काकू, आज पाणी घालायचंय, निखारे नव्हेत!” शेजारचा तोंगखम म्हणाला. सगळे हसले. खम्पेंग हसली नाही.

गेल्या पावसाळ्यात तिचा नवरा इंता अंथरुणाला खिळला, तेव्हा शेजारची ही सेंगदाच त्याचे अंग पुसायला येई. इंताच्या करंगळीत त्याच्या आईची माणकाची अंगठी असे. तो गेला, तेव्हा करंगळी मोकळी होती. खम्पेंगने चोरीचा शब्द उच्चारला नाही. पण त्या दिवसापासून सेंगदाला उंबऱ्याच्या आत घेतले नाही. संशय हा असा पाहुणा, की त्याला पाट कोणी मांडत नाही आणि तो रोज जेवून जातो.

आज तिने मनाशी ठरवले होते. देवांचे स्नान झाले की धाकट्यांनी वडीलधाऱ्यांच्या ओंजळीवर पाणी घालायचे, वर्षभरातल्या अपराधांची क्षमा मागायची आणि त्यांनी आशीर्वाद द्यायचा. सेंगदा आली की ओंजळ पुढे करायची नाही. मग साऱ्या गल्लीला जे समजायचे ते समजेल.

तिने मूर्ती एकटीने उचलली. वर्षातून याच एका दिवशी ती आसनावरून हलत असे. मूर्तीच्या पोकळ बैठकीतून काहीतरी निसटून आसनावर पडले.

माणकाची अंगठी!

खम्पेंगची मूठ तत्क्षणी मिटली. तिने भोवताली पाहिले. जो तो आपल्या देवाला न्हाऊ घालण्यात मग्न होता. एकटी सेंगदा तिच्याकडे पाहत होती, आणि तिच्या ओठांवर चक्क हसू होते.

क्षणात खम्पेंगला सारा उलगडा झाला. त्या वेळी ही अंगठी घराबाहेर नेता आली नसेल, म्हणून देवाखाली दडवली. आणि आज संधी साधून काढून घ्यायला आली. मघाशी हात पुढे झाला तो यासाठीच! आता नुसती ओंजळ नाकारून भागणार नव्हते.

देवांचे स्नान आटोपले. म्हातारी माणसे चटईवर ओळीने बसली. धाकटी एकामागून एक पुढे येऊ लागली. खम्पेंगने डाव्या हातावर पाणी घेतले, पण उजवी मूठ उघडली नाही. अखेर सेंगदा चांदीचे पात्र घेऊन तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली.

“मूठ उघडा ना काकू. पाणी कशावर घालू?”

“उघडते हं. सगळ्यांना नीट बघू दे!” खम्पेंगने आवाज चढवला आणि तळहात पसरला. उन्हात माणिक लखलखले. तोंगखमचे हसू मावळले. “काय गं, ओळखीची वाटते का?”

“न वाटायला काय झालं? माझ्याच हातांनी ठेवलीये.” सेंगदाने त्या तळहातावर संथपणे पाण्याची धार धरली. “काका म्हणाले, ‘आता हिच्या दृष्टीस पडली तर माझ्या औषधापायी विकून टाकील. सोंगक्रानला देव उचलेल तेव्हा मिळू दे. तोवर जिभेला कुलूप घाल.’ घातलं.”

पाणी बोटांमधून ओघळत राहिले. सेंगदाने पात्र खाली ठेवले, हात जोडले आणि मस्तक लववून रीतीप्रमाणे आरंभ केला, “काकू, वर्षभरात कळत नकळत माझं काही चुकलं असेल, तर...”

“...पोटात घाल गं बाई,” खम्पेंगने ते वाक्य पुरे केले.