अर्धा डबा

रेड क्रॉसच्या बोटीने गर्न्सी बेटावरच्या लोकांसाठी खाणं आणलं. बेट बळकावून बसलेल्या उपाशी जर्मन शिपायांसाठी काहीच नव्हतं. ओलिव्हने मांसाचा डबा फोडला, अर्धा सासूबाईंना वाढला, अर्धा एप्रनखाली लपवला. “कुणासाठी गं?” “मांजरीला.” “मांजर नाताळातच खाल्ली की त्या मेल्यांनी!” ओलिव्हचा नवरा सिरिल लढाईवर गेल्याला पाच वर्षं झाली होती. कुंपणापलीकडे शिपाई कॉनराड बोटांनी गोठलेल्या मातीतून सलगम उकरत होता. त्याच बोटांनी उन्हाळ्यात तिची वेणी सोडवली होती. सासूबाईंनी खिडकीतून बराच वेळ पाहिलं. “जा, देऊन ये. पण तो गेल्यावर रडायचं नाही. माझ्यापाशीसुद्धा नाही.” मे महिन्यात हरलेल्या जर्मनांना बोटीत चढवलं, तेव्हा बंदरावर गाव नाचत होतं. “आता सिरिल येईल!” शेजारीण म्हणाली. ओलिव्ह हसली. तिने सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान फिरवली.