राखीव गोलरक्षक

सामना संपायला दोन मिनिटं उरली होती, एक-एक अशी बरोबरी होती, आणि आमच्या नायजेरियाच्या महिला फुटबॉल संघाची गोलरक्षक धडकेत जखमी झाली. त्यात वर समोरच्या कॅमेरून संघाला पेनल्टी मिळाली. प्रशिक्षकांनी बाकावरून एबिएरेला उठवलं. वय एकोणचाळीस, देशाकडून पाचवी मोठी स्पर्धा. संघातल्या सगळ्या तिला आंटी म्हणायच्या.

ती गोलपाशी उभी राहिली तशी संघातली सतरा वर्षांची उदुआक धावत तिच्याकडे गेली. दोघींनी एकमेकींचे हात धरले, कानात काहीतरी बोलणं झालं. पंचांनी उदुआकला मागे हटवलं. शिट्टी वाजली. एबिएरेने उजवीकडे झेप घेतली आणि चेंडू तिच्या मनगटाला लागून बाहेर गेला.

सामन्यानंतर पत्रकारांनी तिला गराडा घातला. "एवढा अनुभव पाठीशी! त्या पोरीला काय कानमंत्र दिलात?"

"मी कुठला देणार? आजवर सगळ्या स्पर्धा बाकावरच काढल्यात मी. मैदानात आज पहिल्यांदा उतरले." एबिएरेचे हात अजून कापत होते. "तीच म्हणाली, 'आंटी, घाबरू नका. पहिल्या सामन्यात सगळ्यांचेच हात कापतात. माझेसुद्धा कापले होते, परवा.'"