चहाच्या खोक्याचा रेडिओ

नाथाकाका म्हात्र्यांनी आयुष्यात एकाच पत्राला उत्तर दिलं नव्हतं. पेणच्या वाचनालयात त्यांनी चाळीस वर्षं कारकुनी केली. पुस्तकं दाबून ठेवणाऱ्या सभासदांनाही ते स्मरणपत्रात ‘कृपया’ दोनदा लिहीत. पण रोह्याहून आलेलं ते निळं अंतर्देशीय अठ्ठावन्न वर्षं शब्दकोशात पडून होतं.

ते पत्र आलं तेव्हा नाथा चोवीस वर्षांचा होता, आणि काका कुणाचाच नव्हता.

त्याच्या आदल्या वर्षी तो पुस्तकं आणायला रोह्याला गेला होता. एसटी स्टँडसमोर काळुरामच्या दुकानात रेडिओ चालू होता. बाई गात होती, आणि श्वास घेताना थांबायची तेही ऐकू येत होतं. नाथा रस्त्यातच उभा राहिला.

“आत या की. ऐकायला पैसे नाय पडत,” काउंटरमागून मुलगी म्हणाली. हातात तारा झाळायची तापलेली कावी, कपाळावर घाम. ती काळुरामची शांती. सेट तीच बनवायची. पेटी चहाच्या खोक्याच्या फळ्यांची, वॉल्व्ह मुंबईच्या जुन्या बाजारातले. किंमत कंपनीच्या सेटच्या निम्मी.

नाथाने सेट घेतला. आईला म्हणाला, “स्वस्त होता म्हणून घेतला.” वाचनालयातही तेच सांगितलं.

आईने वडखळजवळच्या वाडीतल्या घरात सेटला देवाशेजारी जागा दिली, विणलेला रुमाल घातला. शेजारच्या सगुणाबाई आवाजाबद्दल कुणाशीही भांडायच्या, पण या सेटबद्दल त्यांची कधी तक्रार आली नाही.

तक्रार होती ती नाथाचीच. महिन्यातून एकदा तो सेट चादरीत बांधायचा, एसटीत मांडीवर घ्यायचा, आणि नागोठण्यावरून रोह्याला जायचा.

“आता काय झालं?” शांती विचारायची.

“घरघर येते.”

“मागल्या खेपेला शिट्टी येत होती.”

“ती गेली.”

ती पाठ उघडायची, फुंकर मारायची, सेट प्लगला लावायची. सेट स्वच्छ गायचा.

“बघा! डॉक्टर दिसला की दाढ दुखायची थांबते, तसं हाय तुमच्या सेटचं. वॉल्व्ह तर कालच बसवल्यासारखे दिसतात. लई जपून वापरता व्हय?”

“हो.”

“तरी पण राहू दे तासभर चालू. कळंल काय ते.”

मग तासभर दोघं ऐकायची. ती मध्येच बोट वर करायची, “आता तबला ऐका, डाव्या हाताचा.” नाथा मान हलवायचा. काळुराम एकदा म्हणाला, “मास्तर, तुमच्या एका सेटपायी पोरीचा महिन्याचा एक दिस जातो बघा.” नाथाचे कान लाल झाले. पुढच्या महिन्यात तरीही तो गेला.

मग पत्र आलं.

‘मास्तर, बाबा कंपनीची एजन्सी घेणार म्हणतात. आपले सेट लोक फक्त स्वस्त म्हणून नेतात, असं त्यांचं म्हणणं. तुमच्याएवढं कान देऊन ऐकणारं गिऱ्हाईक दुसरं नाही, म्हणून तुम्हालाच विचारते. तेवढ्याच किमतीला कंपनीचा सेट मिळाला असता, तरी तुम्ही आमचाच नेला असता का? तुम्ही हो लिहा, मी बाबांशी भांडते. खरं तेच लिहा. शांती.’

नाथाने कंदिलाची काच पुसली, वात वर केली आणि लिहायला बसला. ‘हो’ लिहिलं, आणि हात थांबला. का, असं तिने विचारलं तर? आवाजातलं आपल्याला काय कळतं? खरं तेच लिहा, म्हणते. त्याने चार कागद फाडले. उद्या लिहू, म्हणाला.

त्याच पावसाळ्यात खारबांध फुटला. खाडीचं पाणी घरात शिरलं. पुस्तकं त्याने माळ्यावर टाकली, सेट राहिला. मिठाने आतल्या तारा हिरव्या झाल्या. आता रोह्याला नेण्यासारखंही काही उरलं नाही.

परवा रविवारी पुतण्या जगन आला. नागोठण्याच्या कंपनीतली शिफ्ट करून तसाच आला होता. हातात मुठीएवढा स्पीकर.

“काका, आठशे रुपये फक्त. आवाज बघा.”

“त्याच पैशात भारीतला मिळाला असता तर?”

“मग ह्यो कशाला घेतला असता?” जगन हसला. “पण काका, रोह्याच्या दुरुस्तीवाल्या म्हातारीनं पण मला हेच विचारलं. हा बंद पडला होता, तिनं दहा मिनटांत चालू केला. आडनाव ऐकलं नि म्हणाली, पेणच्या लायब्रीवाल्यांचा कोण तू?”

नाथाकाकांनी चष्मा काढला. “आणखी काय म्हणाली?”

“म्हणाली, तुझ्या काकाला एक प्रश्न विचारला होता. उत्तर आलं नाय, तेव्हा समजले, सेट वाईटच होता. भिडस्त माणूस, तोंडावर कसा बोलंल? बाबाला म्हटलं, घ्या एजन्सी. त्यानंतर एक पण सेट बनवला नाय.” जगनने मोबाइल काढला. “काका, नंबर हाय तिचा. लावू फोन?”

“नको. तिनं पत्र पाठवलं होतं.”

सोमवारी ते एकटेच पेणला गेले. पोस्टाच्या बाकावर बसून त्यांनी कार्ड लिहिलं. एकही शब्द खोडला नाही. लगेच उठून ते टपालपेटीत टाकलं.

कार्डावर लिहिलं होतं:

‘शांतीबाई, हो. तेवढ्याच किमतीला कंपनीचा मिळाला असता, तरी मी तुमचाच नेला असता. तो घरी कसा वाजायचा, ते मात्र मला सांगता येणार नाही. आमच्या वाडीत वीज आली ती तुमचं पत्र आल्यावर सहा वर्षांनी.’