जोडणी लागली

पुन्हा जोडणी तुटली आणि त्सेगाये वैतागला. सरहद्दीवरच्या इस्पितळातून आलेलं जुनं यंत्र विंडोजवालं, देस्सी शहरातल्या कचेरीतलं लिनक्सवालं. दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. लढाईत मेलेल्यांची नोंद जुन्यातल्या डेटाबेसमध्ये होती. ती कचेरीतून वाचता यावी म्हणून तो पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहीत बसला होता.

कचेरीत कॉफी करणाऱ्या बेलायनेश रोज त्याच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहायच्या. सगळ्यांच्या त्या एतिये, थोरल्या ताई. त्यांचा मुलगा दावित लढाईवर गेला तो गेलाच. पत्र नाही, फोन नाही. त्सेगायेचा धाकटा भाऊ यारेदही तिकडेच होता, पण फासिकाच्या, म्हणजे ईस्टरच्या, सणाला त्याचा फोन आला होता. उलट थोरल्यालाच लग्न कर म्हणून चिडवत होता लेकाचा.

दुपारी डेटाबेसचा ड्रायव्हर बदलला आणि जोडणी लागली. त्सेगायेने दावितचं नाव टाकलं. उत्तर आलं. नाव यादीत होतं. मागे कॉफीचा वास आला तसं त्याने घाईघाईने सगळं बंद केलं.

"लागलं का रे बाळा?"

"नाही हो, एतिये. हट्टी आहे मेलं."

मरणाची बातमी अशी भरदिवसा, एकट्याने सांगायची नसते. पहाटे वडीलधारे, शेजारीपाजारी जमतात, मगच. ज्याला सांगायचं तो आदल्या रात्री पोटभर जेवून झोपलेला असावा लागतो. त्सेगायेने साहेबांच्या, म्हणजे गिर्मांच्या, कानावर घातलं. ते यंत्रापुढे बसले आणि सगळी नावं वरपासून खालपर्यंत वाचली. मग त्यांनी स्वतःच यंत्र बंद केलं.

"पहाटे जमू," ते म्हणाले. "आज माझ्याकडेच चल. जेव, तिथेच झोप."

गिर्मांच्या बायकोने इंजेराच्या भाकरीचे घास त्याला हाताने भरवले. एतियेंच्या विचाराने तो नको नको म्हणत राहिला. फार वाईट वाटत होतं. पण ती बाई ऐकेचना.

पहाटे अंगणात माणसं जमली. त्सेगाये बूट चढवून निघायला तयार झाला. कुणी हलेना. तेवढ्यात फाटकातून एतियेच आत आल्या. त्यांना इथे कशाला बोलावलं, म्हणून तो मनात चरफडला. त्यांच्याकडे बघायचा त्याला धीर होईना.

त्या थेट त्याच्यापाशी आल्या. त्याला खाली बसवलं, त्याचं डोकं छातीशी धरलं.

"रड बाळा, मोकळा रड. तुझा यारेद गेला," त्या म्हणाल्या. "माझा दावित परत आला की त्यालाच भाऊ म्हण."