बियान शीफूंचं मत

तोफ थांबली तरी लिआन शूछिंगने पोलादी भिंतीवरचा हात काढला नाही. वर डेकवर लोक टाळ्या पिटत होते. तिला टाळ्यांशी काही देणंघेणं नव्हतं. भिंत थरथरली होती, हादरली नव्हती. एवढा लांबलचक मारा झाला, नळीवरचा रंग भाजून निघाला, तरी शेवटच्या गोळ्यालाही नळी पहिल्या गोळ्याइतकीच अलगद मागे बसली होती.

तोफ डागली की नळी मागे ‘बसते’, असंच आमच्या तोफांच्या कचेरीत म्हणतात. किती बसायचं आणि किती सावकाश, हे ठरवणं लिआनचं काम. सावकाश बसली तर धक्का नळीला आवरणाऱ्या तेलात जिरतो. धाडकन बसली तर तोच धक्का तोफेखालच्या कड्यात, कड्यातून डेकमध्ये, आणि डेकखाली तर गोळे चढवणारी पोरं उभी असतात. नव्या विनाशिकेची ही पहिलीच समुद्रचाचणी होती.

मापं आली. तेल भलतंच तापलं होतं, आणि नळी तिला थोपवणाऱ्या मागच्या पोलादी अडणीपासून बोटभर अलीकडे थांबली होती. फक्त बोटभर. लिआनचा पहिला आराखडा तसाच राहिला असता तर आज ती अडणीवर आदळली असती. जहाजावर हे दोघांनाच ठाऊक होतं. एक ती स्वतः, आणि दुसरे खाली जेवणघरात बोट लागून बसलेले बियान शीफू.

तो पहिला आराखडा मंजुरीला आला तेव्हा खोली तज्ज्ञांनी भरली होती. संचालकांनी विचारलं, कुणाचं काही मत? आमच्याकडे याला उत्तर एकच, मत नाही. मत असणं म्हणजे आक्षेप असणं; आणि एखाद्याबद्दल मत असणं म्हणजे मनात अढी असणं. मग शहाणा माणूस कशाला मत ठेवील? ‘मत नाही’, ‘मत नाही’ करत गाडी टेबलाच्या टोकाला पोचली. तिथे बियान शीफू बसले होते. लिआनला या कामाचं अ आ इ ई त्यांनीच शिकवलेलं, म्हणून ते तिचे शीफू, म्हणजे गुरू, आणि ती त्यांची ‘धाकटी’. त्यांनी चहाच्या कपावर झाकण ठेवलं आणि म्हणाले, “माझं मत आहे. मी सही करणार नाही.”

कारण विचारलं, तर म्हणाले, कारण तिनं शोधावं.

झालं. कचेरीभर कुजबुज सुरू झाली, शीफूंचं धाकटीबद्दल मत आहे. शिष्या पुढे निघाली, म्हाताऱ्याला बघवेना. लिआनलाही तेच वाटलं. मंजुरी रखडली, तिला मिळायची उपमुख्य अभियंत्याची जागा दुसऱ्याला गेली. नववर्षाला दरवर्षी ती शीफूंच्या घरी फळं घेऊन जायची, त्या वर्षी त्यांच्या दारावरून सरळ पुढे निघून गेली. म्हाताऱ्याचे दात त्याच्याच घशात घालायचे, या एका हट्टापायी तिने अख्खा हिवाळा तेलाची एकूणएक वाट पुन्हा मोजून काढली.

आणि हिवाळा सरता सरता तिला खोट सापडली. तिने सगळा हिशेब थंड तेलावर केला होता. जमिनीवरच्या चाचण्या आखूड असतात, तिथे हे कळलंच नसतं. समुद्रावर लांब मारा झाला की तेल तापतं, पातळ होतं, आणि नळीला आवरेनासं होतं. मग तिने तेलाच्या वाटा नव्याने आखल्या. शीफूंनी नवा आराखडा वाचला, सही केली आणि त्याच वर्षी निवृत्त झाले. आभाराचा शब्द लिआनच्या ओठांवर कितीदा आला, आणि लाजेने तिथेच अडला. आता या चाचणीला जुने जाणकार म्हणून त्यांना बोलावलं होतं. पुढच्या आठवड्यात ते घर मोडून मुलीकडे कुनमिंगला कायमचे निघणार होते. आज बोलली नाही तर राहूनच गेलं असतं.

ती जेवणघरात आली. शीफू राळ्याच्या बारीक दाण्यांची पिवळी पेज आणि मोहरीच्या गड्ड्याचं लोणचं पुढ्यात घेऊन बसले होते, चेहराही पेजेसारखाच पिवळा. तिने दोन पेल्यांत चहा ओतला. एक त्यांच्या हातात दिला आणि आपला पेला, धाकट्याने मानाने धरावा तसा, त्यांच्या पेल्याच्या काठाखाली धरला.

“शीफू, जहाजावर दारू नाही, चहाच गोड मानून घ्या. तुम्ही त्या दिवशी अडवलं नसतं, तर आज खालच्या पोरांचं काय झालं असतं, मला विचारही करवत नाही. आणि मी मात्र तुमच्याबद्दल मत धरून बसले. चुकलं माझं. जन्मभर तुमचे उपकार विसरणार नाही.”

“बस आधी, धाकटे. सांडशील.”

डोळे पुसून ती चहा प्यायली, मनावरचं ओझं उतरल्यासारखी टेकून बसली. मग इतकी वर्षं मनात घोळत असलेलं तिने विचारूनच टाकलं. एवढ्या सगळ्या तज्ज्ञांना दिसलं नाही, ते तुम्हाला एका बैठकीत कुठे दिसलं?

शीफूंनी लोणच्याचा तुकडा पेजेत बुडवला.

“मला कुठं काय दिसलं? आराखडा मलाही बिनचूकच वाटला होता. पण सगळे इतक्या पटापट ‘मत नाही’ म्हणाले, की मला भीतीच वाटली.”